३०० किलोमीटरांचा हिशेब : एका हौशी सायकलस्वाराचा अभ्यास

"अरे, इतक्या लांब सायकलीन कित्याक जातंस? एष्टी बंद झाली काय?" आईने हा प्रश्न मला डिसेंबर २०१८ मध्ये विचारला, तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. कोल्हापूरहून निघून गगनबावड्याचा घाट उतरायचा, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी करीत आंबोलीचा घाट चढायचा आणि आजऱ्यावरून पुन्हा कोल्हापूर गाठायचे, असा तो सुमारे ३०० कि. मी.चा फेरा होता. मुदत २० तासांची. मी तो पुरा करू शकलो नाही. आईच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुढचे वर्ष गेले आणि त्या वर्षात जे शिकलो ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी आपल्या महाविद्यालयात भूगोल शिकवतो. सह्याद्रीचा छेद फळ्यावर काढण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. पश्चिमेकडे तुटलेला कडा, पूर्वेकडे मंद उतार, मध्ये खिंड आणि खिंडीतून जाणारा घाटरस्ता, हे चित्र मी डोळे मिटूनही काढू शकेन. परंतु खडूने काढलेला चढ आणि पायाने काढलेला चढ यांतील अंतर वयाच्या चाळिशीनंतर कळले, ही कबुली प्रारंभीच दिलेली बरी.

हौशी शर्यत म्हणजे काय?

सायकल शर्यत म्हटली की आपल्यापुढे मुंबई–पुणे शर्यत येते. बोरघाट प्रथम चढणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणून गौरवतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्या शर्यतीत एकाच्या पुढे दुसरा जातो. मी ज्या प्रकाराबद्दल लिहीत आहे तेथे मात्र प्रतिस्पर्धी एकच असतो, तो म्हणजे घड्याळ.

याचे मूळ फ्रान्समध्ये आहे. १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला येण्याची सुमारे १२०० कि. मी.ची शर्यत झाली. शार्ल तेराँ या सायकलपटूने ती ७२ तासांच्या आत जिंकली. पुढे व्यावसायिक शर्यतींचा मार्ग वेगळा झाला आणि १९०४ मध्ये स्थापन झालेल्या पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या परंपरेतून हौशी लोकांचा दीर्घ पल्ला वाढत गेला. त्याच्या एका फेरीला 'ब्रेव्हे' म्हणतात. अंतरे आणि मुदती ठरलेल्या आहेत. २०० कि. मी.ला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. वाटेत ठराविक ठिकाणी आपल्या पत्रिकेवर शिक्का किंवा नोंद घ्यावयाची. प्रत्येक ठाण्याचीही बंद होण्याची वेळ असते आणि ती साधारणपणे ताशी १५ कि. मी.च्या हिशेबाने काढलेली असते. रात्री दिवा, अंगावर चमकपट्ट्यांचे जाकीट आणि डोक्यावर शिरस्त्राण आवश्यक. पहिला, दुसरा असा क्रमांक नाही. मुदतीत आलेले सारे सारखेच.

भारतात हा प्रकार गेल्या दीड दशकात रुजला आणि महाराष्ट्राने त्यात पुष्कळ पुढाकार घेतला. याहूनही कठीण शर्यत म्हणजे अमेरिका आडवी ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका'. ती १९८२ साली अवघ्या चार स्वारांनिशी सुरू झाली आणि लॉन हॉल्डमन तिचा पहिला विजेता ठरला. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० कि. मी.चे हे अंतर. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ते नऊ दिवसांच्या आत पार केले. २०१७ मध्ये सैन्यदलातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ते एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरे केले. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की हे चौघेही पेशाने डॉक्टर. सायकल हा त्यांच्या पोटापाण्याचा उद्योग नव्हे. इंग्रजीत ज्याला 'ॲमॅच्युअर' म्हणतात त्या शब्दाच्या मुळाशी 'प्रेम करणारा' असा अर्थ आहे. आपला 'हौशी' हा शब्द त्याच्या फार जवळ येतो.

पहिला प्रयत्न

माझी सायकल डोंगरी जातीची, म्हणजे ज्याला सर्वजण 'एमटीबी' म्हणतात ती. या सायकलीचा जन्म १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. काही हौशी तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून शर्यती लावीत. १९७६ पासूनच्या त्या शर्यतींतून ही नवी सायकल घडली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तिच्या शर्यतीला स्थान मिळाले. भारतातही २००५ पासून हिमाचल प्रदेशात अनेक दिवस चालणारी डोंगरी सायकल शर्यत सुरू झाली. मी ती सायकल घेतली त्याचे कारण मात्र साधे होते. मालवणच्या आसपासच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर दुसरी सायकल टिकत नाही.

तर अशा सायकलीवर मी पहाटे ५ वाजता कोल्हापूर सोडले. बरोबर पंचविशीतले चार-पाच तरुण होते. कोल्हापूर ते गगनबावडा हा सुमारे ५५ कि. मी.चा रस्ता घाटमाथ्याकडे जात असूनही चढ फारसा जाणवत नाही. सह्याद्रीचा पूर्वउतार मंद असतो हे वाक्य मी वर्गात शंभरदा बोललो असेन. त्या पहाटे ते मांड्यांनी मान्य केले. गगनबावड्यानंतर करूळ घाटाने जमीन एकदम पायाखालून निघून जाते. खाली वैभववाडीला आलो तेव्हा मी त्या तरुणांच्या बरोबरीने होतो आणि मनातून फार खूश होतो. कणकवली, कुडाळ मागे टाकले. दीड वाजता १६५ कि. मी.वर सावंतवाडीला पोहोचलो. आपण मुदतीच्या अडीच तास पुढे आहोत, असे मी घरी फोन करून सांगितले.

फोन ठेवला आणि अर्ध्या तासात सारे बिघडले. मी सकाळपासून दोन केळी आणि एक वडापाव एवढेच खाल्ले होते. पाणी मात्र भरपूर प्यालो होतो. दाणोलीजवळ मांडीत पेटके आले, मग मळमळ, मग उलटी. एका झाडाखाली दोन तास पडून राहिलो. त्यानंतर निम्मा घाट सायकल हाताने ढकलत चढलो. आंबोलीला पोहोचलो तेव्हा ६ वाजून ४० मिनिटे झाली होती. ठाणे ६ वाजता बंद झाले होते.

आजऱ्याकडून सावंतवाडीला कोबी घेऊन जाणारा एक टेम्पो मिळाला. कोबीच्या पोत्यांवर सायकल आडवी टाकून आणि तिच्या शेजारी बसून, ज्या घाटाने मी पाच तासांत वर आलो तो पाऊण तासात उतरलो.

दुसऱ्या दिवशी वर्गात साऱ्यांना बातमी लागलेली होती. कोणी काही बोलले नाही. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी जवळ आला. दोन विषय राहिल्यामुळे तो पुन्हा त्याच वर्गात बसत होता. त्याने हळूच विचारले, "सर, तुमका परत बसाक गावता काय?" पुन्हा परीक्षेला बसता येते का, असा त्याचा साधा प्रश्न होता. 'हो' म्हणालो आणि त्या क्षणी अडकलो.

हिशेब पहिला : चढाचा

मी अभ्यासाला लागलो. प्रथम चढ घेऊ.

दाणोली ते आंबोली उंचीत सुमारे ६०० मीटरांचा फरक आहे. माझे, सायकलीचे आणि सामानाचे मिळून वजन ९० किलो. एवढे वजन तेवढ्या उंचीवर नेण्यास सुमारे ५३० किलोज्यूल, म्हणजे १२६ किलोकॅलरी काम करावे लागते. ऐकायला किरकोळ वाटते. परंतु माणसाचे शरीर खाल्लेल्या अन्नातील चौथा-पाचवा हिस्साच पायडलपर्यंत पोहोचवते. उरलेली सारी उष्णता होते. म्हणजे नुसती उंची गाठण्यास पाच-सहाशे किलोकॅलरी खर्च होतात. हा खर्च ठरलेला आहे. तो टाळता येत नाही. तो किती वेळात करायचा एवढेच आपल्या हाती असते.

हेच गियरचे प्रयोजन. आपल्या वडिलांच्या काळ्या सायकलीला पुढे ४४ दात्यांचे आणि मागे १८ दात्यांचे चक्र असे. पायडलचा एक फेरा म्हणजे सुमारे ५.४ मीटर अंतर. सपाटीवर हे ठीक. घाटात उतरून ढकलावेच लागे. माझ्या सायकलीला पुढचे सर्वांत लहान चक्र २४ दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठे २८ चे आहे. तिच्या एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटरच पुढे सरकते. मिनिटाला ७० फेरे मारले तरी वेग ताशी साडेसात कि. मी.च्या आत. पहिल्या खेपेस हा गियर वापरण्याची मला लाज वाटली होती. तरुण मंडळी पाहत होती ना! ती लाज मांडीच्या पेटक्यांनी वसूल केली.

टायरांचेही तसेच. जाड, खाचांचे टायर सड्यावर पकड देतात. डांबरावर तीच पकड दिवसभर मागे ओढते. दुसऱ्या खेपेस मी त्याच सायकलीला अरुंद, गुळगुळीत टायर चढवले.

हिशेब दुसरा : अन्नपाण्याचा

शरीरात इंधनाचे दोन साठे असतात. एक पिष्टमय पदार्थांपासून बनलेल्या ग्लायकोजेनचा. तो स्नायूंत आणि यकृतात मिळून सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे फार तर २००० किलोकॅलरींचा. दुसरा चरबीचा. एक किलो चरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी असतात, तेव्हा सडसडीत माणसाकडेही हा साठा उदंड असतो. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर पहिला म्हणजे खिशातील पाकीट आणि दुसरा म्हणजे बँकेतील मुदत ठेव. ठेव मोठी खरी, पण ती हळूहळू सुटते. संथ चालीत शरीर बराचसा खर्च ठेवीतून भागवते. जोर लावला, धाप लागली, की ते पाकिटाला हात घालते. पाकीट रिकामे झाले की पाय चालेनासे होतात, डोके भणभणते आणि मनात नाही नाही ते विचार येतात. सकाळी तरुणांबरोबर धावताना मी माझे पाकीट कुडाळपर्यंत उधळले होते.

हे पाकीट वाटेत थोडे थोडे भरता येते. तासाला सुमारे ६० ग्रॅम पिष्टमय किंवा शर्करायुक्त पदार्थ बहुतेकांच्या पोटाला पेलतात. याहून एकदम जास्त खाल्ले तर पोट बंड करते आणि भूक लागण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. म्हणून दर अर्ध्या तासाने थोडे खायचे, भूक असो वा नसो.

पाण्याचे गणितही मी चुकलो होतो. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, वाहतो. तासाला लिटरभर पाणी सहज जाते आणि घामाबरोबर मीठही जाते. नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातील मिठाचे प्रमाण उतरते. त्यातून मळमळ होते आणि प्रकरण फार वाढल्यास जिवावरही बेतते.

परदेशी पुस्तकांत यावर तयार पाकिटे सुचवतात. मी मात्र घरात पाहिले. उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज, मीठ टाकलेले कोकम सरबत, केळी आणि जत्रेत मिळते ते आपले मालवणी खाजे! बेसन, गूळ आणि आले. खिशात चुरगळत नाही, उन्हात वितळून जात नाही आणि आल्यामुळे पोटही शांत राहते. पहिल्या खेपेस मी घरातून काहीच नेले नव्हते. दुसऱ्या खेपेस आईनेच पुडी बांधून दिली, अर्थात पुटपुटत.

हिशेब तिसरा : वेळेचा

२०१९ चा पावसाळा सरल्यावर मी सराव सुरू केला. आठवड्यातून दोन दिवस पहाटे कोळंब पुलावरून आचऱ्याकडे आणि रविवारी कसालपर्यंत जाऊन परत. नकाशावर कोकणपट्टी सखल दिसते, पण येथे सपाट रस्ता नसतो. खाडीवर उतरायचे, सड्यावर चढायचे, पुन्हा खाडी. घाटाची तयारी समुद्रकाठीही करता येते ती यामुळे.

एके दिवशी दांडीच्या किनाऱ्यावर थांबलो असता रापणीतून परतलेल्या एका वृद्ध मच्छीमाराने चौकशी केली. मी सारी हकिकत सांगितली. ते म्हणाले, "मास्तरांनू, जाताना सगळो दम संपवलो, तर परत येवक खंयसून आणूचो?" तीन महिने शरीरविज्ञान वाचून मी ज्या निष्कर्षाला आलो होतो तो त्यांनी एका वाक्यात सांगितला.

त्याचे गणित असे. २० तासांत ३०० कि. मी. म्हणजे ताशी १५. सायकल चालत असताना ताशी २० चा वेग ठेवला तर चालवण्याला १५ तास पुरतात आणि ५ तास हाताशी उरतात. ते घाटासाठी, जेवणासाठी आणि अडीअडचणीसाठी. ताशी २५ ने धावण्याची गरजच नाही. गरज आहे ती न रेंगाळण्याची. प्रत्येक टपरीवर दहाऐवजी वीस मिनिटे गेली की सहा थांब्यांत एक तास हरवतो.

दुसरा प्रयत्न

जानेवारी २०२० मध्ये पुन्हा त्याच वाटेवर उभा राहिलो. तरुण मंडळी पहिल्या दहा मिनिटांत दिसेनाशी झाली. त्यांच्या मागे जाण्याचा मोह आवरणे हा त्या दिवसातला पहिला घाट होता. सावंतवाडीला पोहोचायला गेल्या खेपेपेक्षा पंधरा मिनिटे जास्त लागली. तेथे पंचवीस मिनिटे बसून पेज प्यालो आणि २ वाजून १० मिनिटांनी निघालो.

दाणोलीनंतर सर्वांत हलका गियर टाकला. मालवाहू गाड्या मागे टाकून गेल्या, एक फुलपाखरूही पुढे गेले. गेल्या वर्षीचे झाड आले. त्याला नमस्कार करून पुढे सरलो. ५ वाजून १० मिनिटांनी मी आंबोलीत होतो. म्हणजे सावंतवाडीत मागे असलेला मी आंबोलीत दीड तास पुढे होतो. हिशेब पटावा यासाठी याहून चांगला पुरावा नको.

आंबोली ते आजरा हा रस्ता हिरण्यकेशीच्या अंगाने पूर्वेकडे हळूहळू उतरतो. ही नदी समुद्रापासून इतक्या जवळ उगम पावून बंगालच्या उपसागराकडे जाते, हे मी शिकवत आलो. त्या संध्याकाळी तिच्यासोबत गेलो. आजरा सोडताना काळोख पडला होता, थंडीही पडली होती. ८५ कि. मी. उरले होते.

खरा प्रसंग पुढे आला. मुदाळ तिट्ट्यानंतर, दहाच्या सुमारास, डोळे जड झाले. मला वाटत होते की मी जागा आहे. एवढ्यात समोरून कर्कश भोंगा वाजला. उसाने लादलेला ट्रॅक्टर अगदी जवळ होता आणि मी रस्त्याच्या उजव्या बाजूला पोहोचलो होतो. कसाबसा डावीकडे आलो आणि थांबलो. पाय लटपटत होते.

एस. टी.चा एक निवारा दिसला. घड्याळ पाहिले. हाताशी चाळीसच मिनिटे जास्तीची होती. एक मन म्हणत होते की आता थांबलास तर पुन्हा कोबीचा टेम्पो. दुसरे म्हणत होते की तो ट्रॅक्टर शेवटचा नव्हे. गाळपाच्या हंगामात या रस्त्यावर रात्रभर ऊस चालतो. मी पंधरा मिनिटांचा गजर लावला आणि बाकावर आडवा झालो. मुदत चुकली तर चुकली, असे ठरवून झोपलो. त्या दिवसात घेतलेला हाच एक निर्णय मला अभिमानाने सांगावासा वाटतो. उठलो तेव्हा डोके स्वच्छ झाले होते. पंधरा-वीस मिनिटांची झोप रात्रीची झोप भरून काढीत नाही, पण एखाद-दोन तासांची सावधता परत देते. मला तेवढीच हवी होती.

कोल्हापूरला पोहोचलो तेव्हा १२ वाजून ३५ मिनिटे झाली होती. मुदतीला पंचवीस मिनिटे शिल्लक. पत्रिकेवर शिक्का बसला. टाळ्या नव्हत्या, हार नव्हता. एका स्वयंसेवकाने चहाचा पेला पुढे केला एवढेच.

समारोप

मित्रहो, या साऱ्यातून मी काय शिकलो? दीर्घ पल्ला ही ताकदीची परीक्षा आहे असे मी समजत होतो. वस्तुतः ती काटकसरीची परीक्षा आहे. पहिल्या खेपेचा मी दुसऱ्या खेपेच्या माझ्यापेक्षा अशक्त नव्हतो. एका वर्षाने तरुणच होतो. उणीव ताकदीची नव्हती, वाटणीची होती.

आणि दुसरी गोष्ट अधिक जवळची. आमच्या खोलीत निकालाच्या याद्या येतात. त्यांत 'अनुत्तीर्ण' या शब्दापुढे नावे असतात. पूर्वी मी ती वाचून पुढे जात असे. आता तेथे थांबतो. यातील कोण दाणोलीच्या झाडाखाली पडला असेल, कोणाचे पाकीट जूनमध्येच संपले असेल, कोणाला वेळेवर खायला मिळाले नसेल, असे प्रश्न मनात येतात. मला परत बसता येते का, असे विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याचा एक विषय त्या वर्षी सुटला, एक राहिला. तो पुन्हा बसला. त्याला मी पेजेची आणि गियरची सारी कथा सांगितली तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सर, हळू चलला तरी चलता, पण थांबाक नको." मी त्यात एकच दुरुस्ती केली. झोप आली तर थांबायचे.

राहता राहिला आईचा प्रश्न. एस. टी. बंद झालेली नाही आणि आंबोलीला जाण्याचा तो अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. परंतु एस. टी.ने गेलो असतो तर घाट मला फळ्यावरच्या रेघेइतकाच ठाऊक राहिला असता.